पिंगला उत्तर देतो, लॉगिन घेत नाही: मधूनच गप्प होणाऱ्या सर्व्हरचा शोध

आधी लक्षण सांगतो, म्हणजे हीच अडचण असलेल्याला पुढचं वाचायचं की नाही ते लगेच ठरवता येईल. लिनक्सवर चालणारा सर्व्हर. दिवसा, कामाच्या गर्दीत, ठणठणीत. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, कोणी हातही लावलेला नसताना, तो गप्प होतो. पंखे फिरत असतात, नेटवर्कच्या पोर्टवरचे दिवे लुकलुकत असतात, पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या 'आहेस का?' या हाकेला, उत्तरसुद्धा येतं. पण एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याच्या सोयीने, आत जायला गेलं की जोडणी होते आणि पासवर्ड विचारायच्या आधीच सगळं थिजतं. शेवटी बटण दाबून बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. चालू झाल्यावर लॉग पाहावेत, तर त्यांत काहीच नाही. रात्री दोन वाजून काही मिनिटांपर्यंतच्या साध्या नोंदी, आणि त्यानंतर थेट सकाळी चालू केल्याची नोंद.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन १२ हे लिनक्स, सिस्टिम एका एनव्हीएमई (मदरबोर्डला थेट जोडलेल्या वेगवान) डिस्कवर, आणि खातेदारांचा डेटाबेस दोन साटा (साध्या केबलने जोडलेल्या) डिस्कांच्या मिरर रेडवर, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर. सात वेळा हे असं झालं. प्रत्येक घटनेआधी मशीन किती दिवस नीट चाललं ते मोजलं तर ३, ९, ५, ११, ४, २, ८. सरासरी ६ दिवस. सकाळी साडेनऊला शिपाईमामांचा फोन यायचा, "साहेब, मशीन परत गप्प झालंय." मग ते बटणाने बंद करायचे, प्लग काढायचे, थोडं थांबून पुन्हा लावायचे. हा प्लग काढण्याचा भाग लक्षात ठेवा, पुढे त्याचं महत्त्व कळेल.

पहिला संशय विजेवर गेला. गावात वीज जाते-येते, त्यामुळे तो सगळ्यांनाच पटला. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, पॉवर सप्लायही बदलला. चार दिवस शांत गेले आणि मी संस्थेला कळवलं की झालं काम. पाचव्या रात्री पुन्हा तेच.

दुसरा संशय रॅमवर. तो रास्त होता. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये सर्व्हरच्या मेमरीवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूल्समध्ये किमान एक चूक नोंदली गेली होती. म्हणजे रॅमची चूक ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. रात्रभर मेमटेस्ट चालवला, चार फेऱ्या, एकही चूक नाही. मग प्रोसेसर आणि डिस्क दोन्हींवर ४८ तास जबरदस्त ताण दिला. मशीन तापलं, पंखे ओरडले, पण ते गप्प झालं नाही. हार्डवेअर निर्दोष आहे, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं.

ते वाक्य चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं ते समजायला मला महिना लागला. मशीन बंद पडत होतं ते रिकामं असताना. मी चाचणी घेत होतो ती त्याला राबवून. ताणाच्या चाचणीत डिस्कला क्षणभर डोळा लावायची संधी मिळत नव्हती, आणि आजार नेमका झोपेतून उठण्याचा होता. बिघाड रिकामेपणी होत असेल तर मशीनला मुद्दाम रिकामं ठेवूनच तपासलं पाहिजे. ताण देऊन ते जेवढं तपासाल, तेवढा बिघाड झाकला जाईल.

लॉगविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. लॉग कोरे असले की आपण म्हणतो, काही चूकच नोंदली गेली नाही. पण लॉग लिहायचे कुठे? डिस्कवर. ती डिस्कच नाहीशी झाली असेल तर तिच्या नाहीसं होण्याची नोंद तिच्यावर कशी येईल? मधूनच कोरा झालेला लॉग हाच डिस्क किंवा तिच्या मार्गाबद्दलचा पुरावा असू शकतो. म्हणून अशा मशीनसमोर उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं बटणाला हात न लावता तीन गोष्टी पाहाव्यात.

पिंग चालू आहे पण लॉगिन होत नाही, लॉग मात्र मध्येच थांबले आहेत: कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे, डिस्क गेली आहे. पिंगला उत्तर देण्याचं काम कर्नल मेमरीतूनच करतो, त्याला डिस्क लागत नाही. लॉगिनला मात्र डिस्कवरून फायली वाचाव्या लागतात. याच्या उलट, पिंग बंद पण नंतर पाहिलं तर लॉग रात्रभर व्यवस्थित लिहिलेले: नेटवर्क कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. तिथे बहुतेक वेळा 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' अशा ओळी सापडतात. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या काही कार्डांत हे बऱ्याच लोकांनी अनुभवलं आहे, आणि ईथटूल या आज्ञेने टीएसओ नावाची सोय (डेटाचे तुकडे करण्याचं काम कार्डावर सोपवणारी) बंद केल्यावर बऱ्याच ठिकाणी ते थांबतं. तिसरी शक्यता म्हणजे पिंगही बंद, लॉगही बंद, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा बदलत नाही. मग प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याकडे वळावं. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या एएमडी रायझनवर लिनक्स रिकामं असताना असंच गोठायचं. बायोसमधल्या (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधल्या) 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'ची किंमत 'टिपिकल करंट आयडल' केल्यावर पुष्कळांचा त्रास गेला. मशीनमध्ये बीएमसी असेल, म्हणजे दूरून सांभाळण्यासाठीची वेगळी चिप, तर आयपीएमआयटूलने तिची घटनांची यादी सर्वांत आधी काढा. ती सर्व्हरच्या डिस्कवर अवलंबून नसते. आमच्या मशीनमध्ये ती नव्हती.

आमचं लक्षण पहिल्या प्रकारचं होतं, हे मी पाचव्या घटनेनंतर ओळखलं. तोवर देखरेखीचा प्रोग्रॅम रात्रभर 'सर्व्हर चालू' असंच सांगत होता, कारण तो फक्त पिंग तपासत होता. हार्डवेअर वॉचडॉगही लावला होता. मशीन अडकलं तर ते आपोआप पुन्हा चालू व्हावं हा हेतू. तोही उपयोगी पडला नाही. वॉचडॉगला 'मी जागा आहे' असं कळवण्याचं काम सिस्टिमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा मुख्य प्रोग्रॅम) करतं, आणि ते मेमरीत बसलेलं असल्यामुळे डिस्क गेल्यावरही इमानाने कळवत राहिलं. तेव्हापासून देखरेखीत मी एक छोटी फाइल डिस्कवर लिहून, सिंक करून (म्हणजे ती खरोखर डिस्कवर पोचवून), परत वाचण्याची तपासणी घातली आहे. पिंगवर विसंबून कोणी सर्व्हर सांभाळत असेल तर त्याने आजच हा बदल करावा, मग त्याचा बिघाड कुठलाही असो.

खरं वळण सहाव्या घटनेला आलं. त्या दिवशी मी स्वतः तिथे होतो. प्लग न काढता मी फक्त रीसेटचं बटण दाबलं. मशीन उठलं आणि पडद्यावर आलं: बूट करण्याजोगं उपकरण सापडत नाही. बायोसमध्ये गेलो, एनव्हीएमई डिस्कचं नावच नाही. प्लग काढला, अर्धा मिनिट थांबलो, परत लावला, आणि डिस्क हजर. म्हणजे नुसत्या रीसेटने न सुटणाऱ्या अवस्थेत ती डिस्क अडकत होती. तिची वीज पूर्ण तोडली तरच ती बाहेर यायची. मामा दर वेळी प्लग काढत होते, त्यामुळे हा पुरावा दर वेळी पुसला जात होता.

आता कर्नल त्या क्षणी काय म्हणतो ते ऐकायचं होतं. त्यासाठी नेटकन्सोल. हा कर्नलचाच एक भाग आहे. तो आपले संदेश डिस्कवर न लिहिता नेटवर्कवरच्या छोट्या यूडीपी पाकिटांतून दुसऱ्या मशीनकडे पाठवतो, एरवी ६६६६ क्रमांकाच्या पोर्टवर. एक जुना लॅपटॉप संस्थेच्या कपाटात ठेवला आणि त्याला फक्त त्या पोर्टवर येईल ते टिपत राहायला सांगितलं. इथे दोन गोष्टींनी मला अडवलं. एक, नेटवर्क कार्ड ब्रिजमध्ये (अनेक जोडण्या एकत्र करणाऱ्या आभासी स्विचमध्ये) जोडलेलं असेल तर नेटकन्सोल त्या कार्डावर बसत नाही, ब्रिजचं नाव द्यावं लागतं. दुसरी, कर्नलच्या कन्सोलची पातळी (कुठल्या महत्त्वापर्यंतचे संदेश दाखवायचे ती मर्यादा) खाली असेल तर महत्त्वाचे संदेशही पाठवले जात नाहीत. डीमेसेज या आज्ञेच्या 'एन' पर्यायाला ८ देऊन ती वाढवा, आणि मुद्दाम एखादा संदेश पाठवून तो पलीकडे उतरतो का ते पाहा. हे न पाहता आठवडाभर वाट पाहणं म्हणजे आठवडा वाया.

आठव्या दिवशी, पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी, लॅपटॉपवर चार-पाच ओळी उतरल्या होत्या. त्यांतली पहिली महत्त्वाची: एनव्हीएमईचा कंट्रोलर बंद आहे, रीसेट करतो आहे, आणि पुढे सीएसटीएस या रजिस्टरची, म्हणजे डिस्कच्या चिपची अवस्था दाखवणाऱ्या आकड्याची, किंमत, सलग आठ एफ. नंतर, रीसेट जमला नाही. मग वाचण्या-लिहिण्यातल्या चुका, आणि फाइल सिस्टिम फक्त वाचनापुरती केल्याची ओळ.

सोळा-आधारी मोजणीत आठ एफ म्हणजे ३२ बिटांपैकी प्रत्येक बिट १. हे डिस्कने दिलेलं उत्तर नव्हे. पीसीआय एक्स्प्रेसवरच्या (डिस्कसारखी उपकरणं प्रोसेसरला जोडणाऱ्या मार्गावरच्या) उपकरणाला काही विचारलं आणि पलीकडून कोणीच बोललं नाही, तर प्रोसेसरच्या बाजूची यंत्रणा उत्तराच्या जागी सगळे १ भरून देते. म्हणजे डिस्कने चूक सांगितली नव्हती, ती तारेवरूनच नाहीशी झाली होती. स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे ठेवलेले, आकडेही याला जुळत होते. मीडियाच्या चुका शून्य, झीज ३ टक्के, तापमान साधारण, फक्त 'असुरक्षितपणे बंद' झाल्याचा आकडा दर घटनेगणिक एकाने वाढलेला.

आता हे का होतं ते. एनव्हीएमई डिस्कला विजेच्या अनेक पातळ्या असतात: पूर्ण जागी, थोडी सुस्त, गाढ झोपलेली. काही काळ काम आलं नाही की तिने आपली आपण खालच्या पातळीवर जावं, या सोयीला एपीएसटी म्हणतात. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ती २०१७ साली ४.११ या आवृत्तीत आली. डिस्क आपल्या प्रत्येक पातळीत शिरायला आणि बाहेर यायला किती मायक्रोसेकंद लागतात हे स्वतःच सांगते, आणि ही बेरीज १ लाख मायक्रोसेकंदांच्या आत बसेल तितक्या खोलवर ड्रायव्हर तिला जाऊ देतो. त्याच्या जोडीला एएसपीएम आहे. डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामधली पीसीआय एक्स्प्रेसची तारसुद्धा रिकामी असताना झोपते. काम आलं की आधी तार उठायला हवी, मग डिस्क. त्या उठण्यात घड्याळाचा सिग्नल, वीज आणि फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्रॅम) या सगळ्यांचा मेळ जमावा लागतो. हजारो वेळा तो जमतो, आणि एखाद्या वेळी चुकतो.

दोष कुणाचा, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. आमची डिस्क काढून मी दुसऱ्या मशीनमध्ये घातली, तिथे ती नीट चालली. तिच्या जागी दुसऱ्या बनावटीची डिस्क घातली, तर आमचं मशीन नीट चाललं. दोन्ही बैल धडधाकट, एका जुवाखाली आले की अडतात. हा आमच्यापुरता प्रकार नाही. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरच्या मूळ कोडमध्ये अशा जोड्यांची नोंदच आहे. सॅमसंगच्या काही डिस्क डेलच्या ठरावीक लॅपटॉपांत गाढ झोपेतून परत येत नाहीत, म्हणून तेवढ्याच जोडीसाठी सर्वांत खोल पातळी टाळलेली आहे. त्या डिस्क दुसरीकडे नीट चालतात, म्हणून सरसकट बंदी नाही. आपल्या मशीनची जोडी त्या यादीत नसेल तर तो अपवाद आपणच करायचा.

आणि जो भाग मरतो तोच गुन्हेगार असतो असंही नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्यांवर इंटेलच्या काही नेटवर्क चिपांच्या आतली कायमची मेमरी बिघडू लागली आणि कार्डं निकामी झाली. स्वाभाविकच संशय ई१०००ई ड्रायव्हरवर गेला. ऑक्टोबरमध्ये शोध लागला की कर्नलमधली फंक्शनांचा माग काढणारी एफट्रेस ही सोय, मोकळ्या झालेल्या पत्त्यांवर लिहीत होती, आणि तेच पत्ते तोवर त्या कार्डाला मिळालेले होते. ड्रायव्हर बदलत बसलेल्यांना हे कधीच सापडलं नसतं. ही हकिकत मी मुद्दाम लक्षात ठेवतो, कारण आमच्या प्रकरणातही मी डिस्क फेकून नवी घ्यायला निघालो होतो.

उपाय सांगण्याआधी बिघाड मुद्दाम घडवता आला पाहिजे, नाहीतर उपाय लागू पडला हे कळणार कसं? मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर दहा सेकंदांनी डिस्कवरच्या वेगवेगळ्या जागेतून, कॅशे (मेमरीतली प्रत) टाळून, एकच ब्लॉक वाचायचा. मधल्या वेळात डिस्क झोपते, वाचताना उठते. दिवसाला साडेआठ हजारांवर झोपा. सुट्टीच्या दिवसांत, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवून, ती चालवली. १९ तासांनी पहिल्यांदा बंद पडलं, मग ३१ तासांनी, मग १० तासांनी. सरासरी ६ दिवसांवरून २० तासांवर आली.

उपाय कर्नलच्या पॅरामीटरांतून करायचा आहे. (यंत्रावर टाइप करताना हे रोमन अक्षरांत लिहायचं.) एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० याने एपीएसटी पूर्ण बंद होते. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीत लिहून अपडेट-ग्रब चालवा, पुन्हा बूट करा, आणि मग प्रॉकमधली सीएमडीलाइन ही फाइल उघडून ते शब्द खरोखर पोचले आहेत का ते पाहा. ही शेवटची पायरी सोडू नका. प्रॉक्समॉक्स (आभासी मशीनं चालवणारी लिनक्स सिस्टिम) झेडएफएस या फाइल सिस्टिमवर बसवलेलं असेल तर बूट बहुधा सिस्टिमडी-बूटमधून होतं, ग्रबची फाइल तिथे कोणी वाचतच नाही, आणि बदल करूनही काही बदललेलं नसतं. तिथे कर्नलच्या सीएमडीलाइन फाइलीत लिहून प्रॉक्समॉक्स-बूट-टूलने रिफ्रेश करावं लागतं.

दुसरा पॅरामीटर पीसीआयई_एएसपीएम=ऑफ. नव्या कर्नलमध्ये हा बिघाड झाला की कर्नल स्वतःच हे दोन्ही करून पाहा असं सुचवतो. पण या दुसऱ्याच्या नावाने फसगत होते. 'ऑफ'चा अर्थ 'एएसपीएम बंद करा' असा नाही. अर्थ आहे, 'कर्नलने त्याला हात लावू नये'. बायोसने ते आधीच चालू करून ठेवलेलं असेल तर ते चालूच राहतं. म्हणून बायोसमध्ये जाऊन तिथे बंद करा. किंवा पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स लिहून पाहा, जर बायोस कर्नलला तो अधिकार देत असेल तर. काय झालं याची खात्री एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर उत्तरातून होते: डिस्कच्या आणि ती ज्या पोर्टला जोडली आहे त्याच्या, दोन्हींच्या लिंक-कंट्रोलच्या ओळीत एएसपीएमपुढे 'डिसेबल्ड' दिसलं पाहिजे.

मी आधी फक्त एपीएसटी बंद केली. स्क्रिप्ट चालू ठेवली. ४४ तासांनी बंद पडलं. मग एपीएसटी परत चालू करून फक्त एएसपीएम बायोसमधून बंद केलं: २७ तास. दोन्ही बंद केल्यावर १२० तास काहीही झालं नाही. एका वेळी एकच बदल करण्याला वेळ लागतो हे खरं, पण दोन्ही एकदम बदलले असते तर एकट्याने भागत नाही हे कळलं नसतं, आणि पुढे कोणीतरी वीज वाचवायला त्यातला एक काढून टाकला असता.

१२० तास पुरेसे कसे, हे ठरवण्याचा साधा हिशेब आहे. घटना स्वैरपणे घडत असतील तर सरासरी अंतराच्या तिप्पट काळ शांत जाण्याची शक्यता, काहीही दुरुस्त न करता, सुमारे ५ टक्के असते. सहापट काळ गेला तर ती चारशेत एक उरते. आमची सरासरी २० तास, म्हणून १२० तासांवर मी थांबलो. आता सुरुवातीचा पॉवर सप्लाय आठवा. सरासरी ६ दिवस असताना ४ दिवस शांत गेले म्हणून मी काम झालं म्हटलं होतं. काही न करताही चार दिवस शांत जाण्याची शक्यता ५१ टक्के होती. नाणं उडवण्याइतकीच. सरासरी ६ दिवसांच्या बिघाडाला किमान १८ दिवस थांबायलाच हवं, आणि हे मालकाला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे चौथ्या दिवशी 'झालं का?' या प्रश्नाला उत्तर देता येतं.

शोध चालू असतानाच्या काळासाठी दोन तजविजी. ज्या डिस्कवर फक्त सिस्टिम आहे तिथे, ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर, चूक आली की 'पॅनिक' करण्याचा (कर्नलने सगळं थांबवण्याचा) माउंट पर्याय लावा, आणि पॅनिकनंतर काही सेकंदांनी पुन्हा बूट होईल असं कर्नलला सांगा. मशीन अर्धमेलं पडून राहण्यापेक्षा ते बरं. मात्र आमच्यासारखी डिस्क नुसत्या रीसेटने परत येत नसेल तर याने काम होणार नाही. त्यासाठी दूरून बंद-चालू करता येणारा प्लग लागेल. दुसरी तजवीज, प्रत्येक घटनेनंतर डेटाबेसची अखंडता तपासून मगच काउंटर उघडायचं. आमचा डेटा वेगळ्या डिस्कांवर होता म्हणून खातेदारांच्या नोंदींना धक्का लागला नाही. एकाच एनव्हीएमईवर सगळं असेल तर बॅकअप परत भरून पाहिल्याशिवाय यातली एकही चाचणी सुरू करू नका.

वीजबिलात फरक पडेल का असं मॅनेजरांनी विचारलं. एक डिस्क न झोपण्याने काही वॉटचा फरक पडतो, त्यापुढे एका सकाळचं बंद काउंटर फार महाग आहे. डिस्कच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती नंतर आली, ती बसवली, पण पॅरामीटर काढलेले नाहीत. पुढच्या लांब सुट्टीत तीच दहा सेकंदांची स्क्रिप्ट लावून, ते काढून, १२० तास बघणार आहे. कपाटातला लॅपटॉप तोवर चालूच राहील.